क्रॉस कम्पायलरची बांधणी आणि कॉन्फिगरेशनच्या चुकांचा शोध

जो कम्पायलर एका संगणकावर चालतो, पण यंत्रसंकेत मात्र दुसऱ्याच प्रोसेसरसाठी किंवा दुसऱ्याच कार्यप्रणालीसाठी तयार करतो, त्याला क्रॉस कम्पायलर म्हणतात. राउटर, मोटारीतील नियंत्रक, घरगुती उपकरणे यांत बसणाऱ्या लहान प्रोसेसरांजवळ स्वतःचा कम्पायलर चालवण्याइतकी स्मृती नसते, आणि नव्याने घडवल्या जात असलेल्या प्रोसेसरवर तर अद्याप काहीच चालत नसते. म्हणून त्यांच्यासाठीचे सॉफ्टवेअर टेबलावरच्या संगणकावर तयार करणे भाग पडते. असा कम्पायलर सोर्सपासून बांधण्याचे काम चार दशकांच्या सरावाचे असले तरी ते पहिल्या प्रयत्नात क्वचितच पार पडते. घोडे अडते ते बहुधा कम्पायलरच्या गाभ्यात नव्हे, तर कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे कोणत्या यंत्रावर काय उपलब्ध आहे याची चाचपणी करून त्यानुसार सोर्सची जुळणी लावण्याच्या कामात. प्रस्तुत आढाव्यात मुख्यतः जीसीसी या जीएनयू प्रकल्पाच्या कम्पायलर-संग्रहाचा विचार केला आहे, कारण या चुकांचे जवळजवळ सर्व प्रकार त्यात एकत्र भेटतात. त्यांची यादी लांबलचक वाटली, तरी त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोंधळ सापडतो: एका यंत्राविषयीच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच यंत्राकडून घेतले जाते.

जीसीसीच्या परिभाषेत यंत्रे तीन असतात. ज्यावर कम्पायलर बांधला जातो ते बिल्ड, बांधून झालेला कम्पायलर ज्यावर चालणार ते होस्ट, आणि त्या कम्पायलरने निर्माण केलेला संकेत ज्यावर चालणार ते टार्गेट. तिन्ही एकच असतील तर तो नेहमीचा, देशी कम्पायलर होय. बिल्ड आणि होस्ट एक व टार्गेट वेगळे असेल तर तो क्रॉस कम्पायलर. आणि तिन्ही भिन्न असतील तर त्या बांधणीला ‘कॅनेडियन क्रॉस’ असे नाव आहे. नवशिक्याची सर्वांत पहिली चूक येथेच होते. एखादी साधी लायब्ररी एआरएम प्रोसेसरसाठी कम्पाइल करायची असेल तर तिला ‘होस्ट’ म्हणून एआरएम सांगावे लागते, कारण ती लायब्ररी एआरएमवर चालणार असते आणि टार्गेट ही कल्पना तिला लागूच नसते. त्याच सवयीने कम्पायलरलाही होस्ट म्हणून एआरएम सांगितले की स्क्रिप्ट एआरएमवर चालणारा कम्पायलर बांधू लागते आणि त्यासाठी लागणारा, अद्याप अस्तित्वातच नसलेला क्रॉस कम्पायलर शोधू लागते. मग ‘सी कम्पायलर सापडत नाही’ अशा अर्थाचा जो संदेश येतो तो शब्दशः खरा असतो, पण चूक कोठे झाली हे त्यातून मुळीच कळत नाही.

ही व्यवस्था एका बैठकीत आखली गेली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या सिग्नस सपोर्ट या कंपनीने निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी त्याची रूपे तयार करून देण्याचा व्यवसाय उभा केला. आणि १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहिण्यास सुरुवात केली. ऑटोकॉन्फ हे साधन ‘कॉन्फिगर’ नावाची शेल-स्क्रिप्ट निर्माण करते, आणि ती स्क्रिप्ट शेकडो लहान प्रयोगांतून यंत्राची माहिती काढते: एखादा चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, तो कम्पाइल होतो का पाहायचे, लिंक होतो का पाहायचे, शक्य असल्यास चालवून पाहायचा. आधुनिक जीसीसीमध्ये अशी एक स्क्रिप्ट नसून डझनावारी आहेत. सर्वांत वरची स्क्रिप्ट सुरुवातीला चालते. पण उपविभागांच्या स्क्रिप्ट ‘मेक’ ही बांधणीची आज्ञा दिल्यानंतर, आपापल्या पाळीने चालतात, आणि टार्गेटच्या लायब्रऱ्यांच्या स्क्रिप्ट तर नुकत्याच तयार झालेल्या कम्पायलरलाच हाताशी धरून प्रयोग करतात. म्हणूनच कॉन्फिगरचा टप्पा सुखरूप पार पडला याचा अर्थ कॉन्फिगरेशन बरोबर आहे असा होत नाही. खऱ्या अडचणी पुष्कळदा अर्ध्या तासाच्या बांधणीनंतर उघड होतात.

टार्गेटचे नाव हा यातला त्यामानाने सोपा भाग. प्रोसेसर, उत्पादक आणि कार्यप्रणाली अशा तीन, प्रसंगी चार तुकड्यांचे हे नाव संयोगचिन्हांनी जोडून लिहितात. ‘एआरएम-नन-ईएबीआय’ या नावाचा अर्थ असा की प्रोसेसर एआरएमचा, उत्पादक विशिष्ट नाही, खाली कार्यप्रणाली नाही आणि फंक्शनांच्या परस्परव्यवहाराचे संकेत ईएबीआयचे. नाव दोन ठिकाणी तपासले जाते आणि दोन्हीकडचे नकार वेगळे असतात. ‘कॉन्फिग.सब’ ही फाइल नावाची भाषा तपासते. तिने प्रोसेसर ओळखू येत नाही असे सांगितले, तर एक तर नाव चुकीचे लिहिले आहे किंवा सोर्स इतका जुना आहे की तो प्रोसेसर तेव्हा जन्मालाच आला नव्हता, आणि दुसऱ्या स्थितीत त्या फाइलची नवी प्रत आणून ठेवल्याने पहिला अडसर दूर होतो. ‘कॉन्फिग.जीसीसी’ ही दुसरी फाइल मात्र त्या टार्गेटसाठी कम्पायलरमध्ये प्रत्यक्ष तरतूद आहे का हे पाहते. हे कॉन्फिगरेशन समर्थित नाही असा निरोप तिच्याकडून आला, तर नाव समजले आहे पण सोय नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो. जुन्या पुस्तकांतील ‘एआरएम-ईएलएफ’ हे टार्गेट नव्या आवृत्त्यांना दिले की असेच होते, कारण एआरएमचे ते जुने संकेत जीसीसीतून काढून टाकले गेले; तेथे नव्या फाइलचा उपयोग नसतो, नवे टार्गेट निवडावे लागते.

पूर्वतयारीच्या लायब्रऱ्यांचे प्रकरण अधिक फसवे आहे. जीसीसी ४.३ पासून जीएमपी व एमपीएफआर, आणि ४.५ पासून एमपीसी या अंकगणिताच्या लायब्रऱ्या अनिवार्य झाल्या, कारण स्थिरांकांची गणिते कम्पायलर स्वतःच अचूक करून ठेवतो आणि ती टार्गेटच्या नियमांनी करायची असल्यामुळे होस्टच्या प्रोसेसरवर विसंबता येत नाही. या लायब्रऱ्या नसतील तर वरची स्क्रिप्ट लगेच व स्पष्ट भाषेत थांबते, आणि सोर्ससोबतच्या ‘डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स’ या स्क्रिप्टने त्या सोर्सच्या झाडातच आणून ठेवल्या की बांधणी त्यांना आपोआप सामावून घेते. अडचण होते ती त्या असूनही नसल्यासारख्या झाल्या की. कोणी त्या वेगळ्या डिरेक्टरीत सामायिक लायब्ररी म्हणून बसवतो आणि त्यांचा पत्ता कॉन्फिगरला सांगतो. कम्पाइल आणि लिंक करताना त्या सापडतात. पण तयार झालेला कम्पायलर प्रत्यक्ष चालू लागतो तेव्हा कार्यप्रणालीच्या लोडरला तो पत्ता ठाऊक नसतो, आणि कम्पायलर पहिल्याच पावलाला कोसळतो.

हा कोसळण्याचा क्षण एका अत्यंत कुप्रसिद्ध संदेशाच्या रूपाने बाहेर येतो: ‘ऑब्जेक्ट फाइलींचा प्रत्यय ठरवता येत नाही, कम्पाइल होत नाही.’ प्रत्ययाशी, म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेपटाशी, याचा काडीचाही संबंध नसतो. लिबजीसीसी ही प्रोसेसरजवळ नसलेल्या क्रिया सॉफ्टवेअरने पुरवणारी छोटी लायब्ररी आहे. तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्या कम्पायलरकडून एक रिकामा प्रोग्राम कम्पाइल करवून घेते आणि जी फाइल निर्माण होईल तिचा प्रत्यय टिपून ठेवते. नव्या कम्पायलरचे हे पहिलेच काम असल्यामुळे त्याच्यात असलेला कोणताही दोष याच प्रयोगात उघडा पडतो. दोष वर सांगितलेल्या लोडरचा असू शकतो, आणि बहुतेकदा तोच असतो. टार्गेटचा असेंब्लर, म्हणजे कम्पायलरने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या मजकुराचे बायनरीत रूपांतर करणारा प्रोग्राम, बसवलेलाच नसू शकतो. त्याच्या जागी होस्टचा असेंब्लर उचलला जाऊन त्याने अनोळखी पर्यायांबद्दल तक्रार केलेली असू शकते. किंवा टार्गेटसाठी म्हणून दिलेल्या पर्यायांतच चूक असू शकते. असेंब्लर आणि लिंकर देणारा बिनयुटिल्स हा संच आधी, त्याच टार्गेट-नावाने आणि त्याच बसवणुकीच्या डिरेक्टरीत बांधावा, असा जो आग्रह धरला जातो त्याचे कारण हेच होय; नावात एका अक्षराचा फरक असला तरी जीसीसी त्या असेंब्लरला आपला मानत नाही.

या टप्प्यावर उपयोगी पडते ती ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल, आणि ती वाचण्याची पद्धत शिकणे हेच चुका शोधण्याचे निम्मे कौशल्य आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रत्येक उपविभागाच्या डिरेक्टरीत तिची स्वतंत्र प्रत असते. लिबजीसीसीमध्ये बिघाड झाला असता सर्वांत वरची प्रत वाचत बसणे व्यर्थ असते, तरीही मदत मागताना लोक तीच पुढे करतात. योग्य प्रत उघडली तरी तिच्या शेवटी असते ती चलांच्या मूल्यांची लांब यादी, आणि बिघाडाची खरी नोंद त्या यादीच्या वर, अपयशी ठरलेल्या चाचणी-प्रोग्रामच्या मजकुराच्या लगत असते; तेथेच चालवलेली नेमकी आज्ञा व कम्पायलरचे मूळ उद्गार सापडतात. शिवाय लॉगमधील प्रत्येक अपयश हा दोष नसतो. कम्पायलरची आवृत्ती विचारण्यासाठी स्क्रिप्ट मोठ्या ‘व्ही’सारखे काही पर्याय देऊन पाहते आणि जीसीसी ते नाकारतो, प्रत्येक निरोगी लॉगमध्येही हा नकार असतोच, आणि तरी अनेकांचे दिवस त्याच ओळीचा पाठलाग करण्यात जातात. बांधणी अनेक समांतर कामांत विभागलेली असेल तर पडद्यावरची शेवटची ओळ ही मूळ चुकीची असेलच असे नाही, म्हणून एकाच कामाने ती पुन्हा चालवणे हे पहिले पाऊल ठरते. त्यानंतर लॉगमधील आज्ञा जशीच्या तशी हाताने चालवली, की लोडरची किंवा असेंब्लरची तक्रार कोणत्याही आडपडद्याशिवाय समोर येते.

यापुढचा प्रश्न तर्काच्या दृष्टीने सर्वांत कठीण आहे. संपूर्ण कम्पायलरला टार्गेटची सी लायब्ररी व तिच्या हेडर फाइली, म्हणजे फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइली, हव्या असतात. आणि ती सी लायब्ररी कम्पाइल करायला तोच कम्पायलर हवा असतो. हे चक्र तोडण्यासाठी बांधणी टप्प्यांत करतात: आधी केवळ सी भाषेपुरता, थ्रेड व सामायिक लायब्रऱ्या बंद ठेवलेला आणि हेडरशिवाय चालणारा अपुरा कम्पायलर, मग त्याच्या आधारे सी लायब्ररी, आणि मग पूर्ण कम्पायलर. पहिल्या टप्प्यात ‘विदाउट-हेडर्स’ आणि ‘विथ-न्यूलिब’ असे पर्याय देतात. यांतला दुसरा अनेकांना चकवतो, कारण न्यूलिब ही छोट्या उपकरणांसाठीची सी लायब्ररी प्रत्यक्षात वापरायची नसतानाही तो दिला जातो. सी लायब्ररी अजून नाही, तिच्यावर विसंबणारा भाग लिबजीसीसीतून वगळ, एवढेच तो सुचवतो. हे पर्याय गाळले, तर लिबजीसीसीच्या मध्यावर एखादे साधे हेडर सापडत नाही म्हणून बांधणी थांबते आणि बांधणारा ते हेडर होस्टवरून आणून ठेवतो. हा उपाय रोगापेक्षा घातक आहे: बांधणी पुढे सरकते, पण टार्गेटच्या कम्पायलरच्या पोटात होस्टच्या संरचनांचे आकार शिरलेले असतात.

याच चक्रातून दुसरा गूढ संदेश जन्मतो, तो म्हणजे अंमलयोग्य फाइल बनत नसल्याचे ठरल्यानंतर लिंकच्या चाचण्यांना परवानगी नाही, असे सांगणारा. सी-प्लस-प्लसच्या प्रमाण लायब्ररीची स्क्रिप्ट सुरुवातीलाच एक रिकामा प्रोग्राम लिंक करून पाहते. तो लिंक झाला नाही, तर आपण अपुऱ्या परिसरात आहोत असे समजून ती पुढे लिंकवर आधारलेली चाचणी करायला नकार देते, आणि तशी चाचणी वाटेत आलीच तर थांबते. संदेश जेथे येतो तेथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. रिकामा प्रोग्राम का लिंक झाला नाही हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा टार्गेटची आरंभिक ऑब्जेक्ट फाइल किंवा सी लायब्ररी लिंकरला सापडली नाही, हे असते. ती सापडावी म्हणून सिसरूट नावाची सोय आहे: टार्गेटच्या फाइलप्रणालीची एक प्रतिकृती होस्टवरील एखाद्या डिरेक्टरीत ठेवायची आणि कम्पायलरने मुळापासूनचा प्रत्येक पत्ता त्या डिरेक्टरीपासून मोजायचा. सिसरूट सांगितला पण त्यात हेडरची डिरेक्टरी नाही, असे असले की जीसीसी निदान स्पष्ट तक्रार करतो. सिसरूट सांगितलाच नाही, तर लिंकर होस्टच्या डिरेक्टरीत शिरू शकतो आणि मग विसंगत लायब्ररी वगळत असल्याची सूचना देतो. त्या सूचनेत छापलेला होस्टचा पत्ता हा गळती कोठून होते याचा उत्तम पुरावा असतो. एकाच कम्पायलरने प्रोसेसरच्या अनेक उपप्रकारांसाठी लायब्रऱ्या बांधण्याची मल्टिलिब ही सोय मात्र क्षणभर विचार करून बंद करावी अशीच आहे. ३२ बिटांच्या ‘स्टब्ज’ हेडरच्या अभावी थांबलेली ६४ बिटांची बांधणी हे तिचे नेहमीचे फलित असून, ३२ बिटांची गरजच नसेल तर तिला सुरुवातीलाच नकार देणे श्रेयस्कर.

आतापर्यंतच्या चुका निदान बोलतात. क्रॉस बांधणीत याहून वाईट ठरतात त्या चुका, ज्यांत स्क्रिप्ट काहीही न बोलता चुकीचे उत्तर नोंदवून पुढे जाते. टार्गेटचा प्रोग्राम बिल्डवर चालवता येत नाही. म्हणून चालवून पाहण्याच्या प्रयोगांत स्क्रिप्ट अंदाज करते, आणि अंदाज सहसा निराशावादी असतो. शून्य आकाराची स्मृती मागितली असता ‘मॅलॉक’ हे फंक्शन काय परत करते, ही याची अभिजात चाचणी होय. ती चालवता न आल्यामुळे स्क्रिप्ट मॅलॉक सदोष आहे असे धरून चालते, त्याच्या जागी ‘आरपीएल-मॅलॉक’ हे पर्यायी नाव घालते, आणि ते फंक्शन कोणी पुरवलेलेच नसेल तर कित्येक मिनिटांनी लिंकर एका अनाकलनीय नावावर अडतो. उपाय म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर चलाच्या रूपाने स्क्रिप्टला आधीच देऊन ठेवणे. ऑटोकॉन्फने त्याची पद्धतशीर सोय केलेली आहे. पण आधी दिलेले उत्तर स्क्रिप्ट पडताळून पाहत नाही, त्यामुळे दुसऱ्या टार्गेटसाठीची उत्तरे आंधळेपणाने उतरवून घेतली की तोच दोष नव्या वाटेने परत येतो.

कालमानाचा प्रश्नही येथेच येतो. जीसीसी १४ या २०२४ सालच्या आवृत्तीने सी भाषेतील अघोषित फंक्शनांचा वापर ही सूचनेऐवजी चूक ठरवली. भाषेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता; पण जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधील अनेक चाचणी-प्रोग्राम स्वतःच असे ढिसाळ लिहिलेले असल्यामुळे ते आता भलत्याच कारणाने अपयशी ठरतात, आणि यंत्रावर असलेली सोय ‘नाही’ अशी नोंदवली जाते. कधी संदेशच उलटा असतो. जीलिबसी या जीएनयूच्या सी लायब्ररीच्या २.१८ पर्यंतच्या स्क्रिप्टना ‘मेक’ची केवळ तिसऱ्या मालिकेतील रूपे ठाऊक होती, २०१३ मध्ये मेक ४.० आले आणि नव्याकोऱ्या मेकला ‘अनुपलब्ध किंवा फार जुने’ ठरवून ती बांधणी थांबू लागली. दस्तऐवज तयार करणाऱ्या टेक्सइन्फो या साधनाच्या पाचव्या आवृत्तीने जुन्या जीसीसीचे दस्तऐवज नाकारले तेव्हा दस्तऐवज बांधणेच वगळण्याचा मार्ग लोकांनी पत्करला, आणि तो व्यवहार्य होता. जीसीसी ४.८ पासून कम्पायलर बांधायला सी-प्लस-प्लसचा कम्पायलर लागतो, आणि ११ पासून किमान त्या भाषेचे २०११ सालचे प्रमाण समजणारा; त्यामुळे जुन्या सर्व्हरवर नवा क्रॉस कम्पायलर बांधताना आधी मधल्या पिढीचा देशी कम्पायलर बांधण्याची वेळ येते.

या खटाटोपातून सुटका म्हणून क्रॉसटूल-एनजी आणि बिल्डरूट यांसारखी साधने पुढे आली. आवृत्त्यांचे परस्परांशी जुळणारे संच, टप्प्यांचा क्रम आणि आवश्यक पॅच ती स्वतःच सांभाळतात, आणि ज्याला केवळ चालणारा कम्पायलर हवा आहे त्याने त्यांच्याकडेच वळावे हे उघड आहे. मुंबईच्या आयआयटीतील जीसीसी रिसोर्स सेंटरने प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जे अभ्यासवर्ग घेतले, त्यांत कम्पायलरच्या अंतर्गत रचनेबरोबर कॉन्फिगरेशन व बांधणी यांनाही स्वतंत्र स्थान दिले होते, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. कारण पाठ्यपुस्तके सामान्यतः हा भाग कारागिरीचा म्हणून सोडून देतात आणि विद्यार्थी तो इकडून तिकडून उचललेल्या आज्ञांवरून शिकतो. अशा आज्ञांत दहा-बारा ‘डिसेबल’ पर्यायांची माळ असते, आणि त्यांतला कोणता कशासाठी आहे हे त्या उतरवून घेणाऱ्याला सांगता येत नाही. एक पर्याय लावावा, तो का लागला हे लॉगमधून समजून घ्यावे, सोर्सच्या बाहेरची बांधणीची डिरेक्टरी पूर्ण पुसून पुन्हा आरंभ करावा, हा मार्ग सावकाश असला तरी अधिक खात्रीचा आहे. अर्धवट पुसलेल्या डिरेक्टरीत जुनी उत्तरे तशीच राहतात, आणि मग बदललेल्या पर्यायाचा परिणाम झाला की नाही हेच ठरवता येत नाही.

बांधणी यशस्वी झाली तरी पडताळणी उरते. कम्पायलरकडून सिसरूटचा पत्ता व हेडर शोधण्याचा क्रम छापून घ्यावा, आणि त्यात होस्टची डिरेक्टरी आहे का ते पाहावे. निर्माण झालेली फाइल टार्गेटच्याच प्रोसेसरची आहे का, हे ‘रीडएल्फ’ या साधनाने तपासावे. एआरएमच्या बाबतीत दशांश संख्या फंक्शनांना कोणत्या रजिस्टरांतून दिल्या जातात याचा संकेत कम्पायलर आणि लायब्ररी यांच्यात एकच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. नाहीतर ही विसंगती पुढे लिंकर सांगतो. एक्स८६च्या ६४ बिटांच्या टार्गेटवर कार्यप्रणालीचा गाभा लिहिणाऱ्यांना मात्र लिंकरही सावध करत नाही. त्या प्रोसेसरच्या रूढ संकेतांनुसार स्टॅकच्या टोकाखालील १२८ बाइटांचा ‘रेड झोन’ फंक्शनला न सांगता वापरता येतो. गाभ्यात तोच स्टॅक वापरणारा इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच जागेवर आपली नोंद लिहितो आणि आधीची मूल्ये पुसली जातात. गाभ्याचा स्वतःचा सोर्स रेड झोन बंद करून कम्पाइल केला जातो, पण कम्पायलरसोबत बांधलेली लिबजीसीसी तशी नसते, जोपर्यंत जीसीसीच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या टार्गेटसाठी रेड झोनविरहित मल्टिलिबची वेगळी नोंद केलेली नाही. कॉन्फिगर, मेक आणि लिंकर हे तिन्ही टप्पे अशा बांधणीला निर्दोष ठरवतात, आणि बिघाड दिसतो तो एखाद्या भागाकाराच्या मधोमध योगायोगाने इंटरप्ट आला तरच.